चाळिशी, सिग्नल आणि सुई

मराठीत चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात याची मला लहानपणापासून फार गंमत वाटत आलीय. 'चष्मा' हा शब्द फारसी 'चश्म' म्हणजे डोळा यावरून आला. संस्कृत पंडितांनी 'उपनेत्र' केलं. आपल्या मराठी माणसाने मात्र सरळ वयच सांगून टाकलं! मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही हा शब्द चष्म्याच्या अर्थाने आहे. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं आपण चारचौघांत नाकावर वय लावून हिंडतोय.

शब्द झकास आहे, पण त्याने एक घोटाळा करून ठेवलाय. चष्मा वयावर ठरतो असा आपला समज झाला. खरं तर वयामुळे नुसती गरज लागते. कुठला चष्मा, हे ठरतं आपण काम काय करतो आणि ते काम डोळ्यापासून किती लांब असतं यावर. मला हे कळलं ते दोन गावांमुळे. आमचं घर शिरूरचं आणि आजोळ दौंडचं. एकाच जिल्ह्यातली गावं, दोन्ही नदीकाठची, एक घोडनदीवर आणि दुसरं भीमेवर. पण डोळ्यांच्या बाबतीत दोन्हींचा इतिहास अगदी वेगळा.

आधी थोडा मागचा इतिहास. चष्मा जन्मला तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत. भारतातल्या चष्म्याचा माग काढला तो पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी. विजयनगरचे व्यासतीर्थ १५२० च्या सुमारास चष्मा लावून पोथी वाचत, असा उल्लेख त्यांनी सोमनाथ कवीच्या संस्कृत काव्यातून शोधून काढला. दोन्हीकडे गोष्ट एकच बघा. चष्मा वाचणाऱ्याचा! जो वाचत नाही त्याला चष्मा कशाला, हा समज इतका जुना आहे.

दौंडात हा समज मोडला तो रेल्वेने. १८५० च्या दशकाच्या शेवटी जीआयपी रेल्वेचे रूळ पुण्याहून पुढे सरकले आणि १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेल्यावर दौंड (तेव्हाचं 'धोंड') जंक्शन झालं. योगायोग असा की, याच काळात तिकडे युरोपात डोळे मोजायची पद्धत बसत होती. हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या स्नेलेनने १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता काढला. तो जो 'सिक्स बाय सिक्स' आपण ऐकतो ना, तो त्याच्यापासून आला. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जे दिसायला हवं ते दिसलं, की सहा बाय सहा. त्याच गावच्या डॉन्डर्सने १८६४ च्या ग्रंथात चाळिशी आणि नंबर यांचं शास्त्र नीट मांडलं.

मग १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागेरलुंडा इथे दोन गाड्यांची टक्कर झाली. रेल्वेच्या माणसाला सिग्नलचा रंगच ओळखता आला नसावा, अशी शंका होल्मग्रेन नावाच्या शास्त्रज्ञाला आली. त्याने रंगीत लोकरीच्या लडी वापरून रंगांधळेपणाची परीक्षा तयार केली आणि जगभरच्या रेल्वे कंपन्या आपल्या माणसांचे डोळे तपासू लागल्या. जुना हाताचा सिग्नल आठवतो का? दिव्यापुढे लाल-हिरव्या काचा बसवलेली ती जी चौकट असायची, तिला रेल्वेच्या भाषेत 'स्पेक्टॅकल'च म्हणतात. सिग्नललासुद्धा चष्मा!

त्यामुळे दौंडच्या रेल्वे कॉलनीत डोळे ही घराघरातली गोष्ट. गाडी चालवणाऱ्याचा वर्ग 'ए-वन', भरतीच्या वेळी दोन्ही डोळे बिनचष्म्याचे सहा बाय सहा हवेत. पुढे ठरावीक वर्षांनी पुन्हा 'मेडिकल'. मामाच्या शेजारी कुणाचं मेडिकल असलं की घरात दहावीच्या निकालासारखी शांतता. त्यात नापास झालेला माणूस 'डिकॅटेगराइज' व्हायचा, म्हणजे इंजिनावरून उतरून दुसऱ्या कामावर. थोडक्यात, दौंडात डोळा नोकरीसाठी मोजला जायचा. कागदावर नोंद व्हायची.

आता शिरूरला या. शिरूरला रेल्वे नाही. पुणे-नगर रस्ता, आठवडे बाजार, आसपासची शेती. इथे सुपात तांदूळ निवडायचे, गोधडी शिवायची, ब्लाउजला हुक लावायचे, मेथी निवडायची. यातलं प्रत्येक काम जवळच्या नजरेचं. आणि ते करणारीचा डोळा कुणी, कधी मोजला? कुठल्या तक्त्यावर? आमची आत्या गोधड्या फार सुरेख शिवायची. पन्नाशीच्या आतच तिने ते सोडलं. कारण विचारलं तर म्हणायची, "आता वय झालं." तिला लांबचं लख्ख दिसत होतं, एसटीची पाटी ती आमच्याआधी वाचायची. पण सुईचं नाक दिसत नव्हतं. घरात हाक यायची, "बाळा, जरा दोरा ओवून दे रे." आठवतंय ना? तुमच्याही घरी यायची. आपण नातवंडं-भाचरं म्हणजे त्या बायकांचा चष्माच होतो. वाचता येत नसलेल्या बाईला चष्मा हवा असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिच्याही नाही.

अंतराचा हिशोब तसा अगदी सोपा आहे. नंबर म्हणजे एक भागिले मीटरमधलं अंतर. लांबचा नंबर नसलेल्या, साठीच्या पुढच्या माणसाचं उदाहरण घ्या. मांडीवरचं सूप अर्ध्या मीटरवर असेल तर दोनचा नंबर. पुस्तक ४० सेंटिमीटरवर, तर अडीच. सुई ३३ सेंटिमीटरवर, तर तीन. म्हणजे पेपर वाचायच्या चष्म्याने सुईसाठी थोडा कमीच पडायचं, आणि संगणकाचा पडदा पासष्ट सेंटिमीटरवर असेल तर त्याला तो जास्त होणार, तिथे दीडचाच लागेल. म्हणून दुकानात जाताना वय सांगण्यापेक्षा कामाचं अंतर मोजून न्यावं. घरातली शिवणकामाची फूटपट्टी पुरते!

एकाच चष्म्यात सगळं बसवायची धडपडही जुनीच. फ्रँकलिनने १७८४-८५ च्या पत्रांत आपल्या दुहेरी चष्म्याचं वर्णन केलंय, वर लांबचं आणि खाली जवळचं. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बिनरेषेची प्रोग्रेसिव्ह काच आली. सोय मोठी, पण खालच्या भागातून पायरी बघितली की ती धूसर दिसते. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात (२०१०) दिसलं की, बाहेर भरपूर हिंडणाऱ्या वृद्धांनी घराबाहेर नुसता लांबचा चष्मा वापरला तर त्यांचं पडणं कमी होतं. जे फारसे बाहेर पडत नाहीत त्यांना मात्र ही अदलाबदल मानवली नाही, बाहेर गेल्यावर ते उलट जास्त पडले. म्हणजे इथेही उत्तर माणूस बघूनच. रोज शेताच्या बांधावरून जाणाऱ्या काकांचा चष्मा आणि दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या काकांचा चष्मा एक कसा असेल?

ही नुसती सोयीची गोष्ट नाही, पोटाची आहे. आसाममधल्या चहाच्या मळ्यात चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा साधा चष्मा दिला तर काय होतं, हे २०१८ मध्ये छापून आलं. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडणी न मिळालेल्यांच्या मानाने सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. बांगलादेशातल्या २०२४ च्या अभ्यासात अशाच चष्म्यामुळे उत्पन्न साधारण एक तृतीयांशाने जास्त निघालं. ही सगळी पुस्तकाची कामं नव्हेत, हाताची कामं आहेत.

हे आकडे वाचले तेव्हा मी आत्याच्या अर्धवट राहिलेल्या गोधड्यांचा हिशोब करत बसलो. रेल्वेने सिग्नल दिसावा म्हणून दीडशे वर्षं माणसांचे डोळे तपासले, ते योग्यच केलं. सुई दिसावी म्हणून तपासायला मात्र कुणाला कुठली टक्कर व्हायला हवी होती, कोण जाणे.

असो. यंदा दिवाळीला सगळे जमू तेव्हा मावश्या-काकूंना "नंबर किती?" असं विचारू नका. "कुठलं काम करायचं सोडलंत?" असं विचारा.