ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल : नियमबदल आणि खेळशैली

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल : ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उदयास आलेला आणि आज त्या खंडाच्या दक्षिण व पश्चिम भागांत सर्वाधिक लोकप्रिय असलेला सांघिक मैदानी खेळ. प्रत्येकी १८ खेळाडूंचे दोन संघ १३५ ते १८५ मीटर लांबीच्या लंबवर्तुळाकार मैदानावर, म्हणजे बहुधा क्रिकेटच्याच मैदानावर, लंबगोल चेंडूने हा खेळ खेळतात. मैदानाच्या दोन्ही टोकांस चार-चार खांब रोवलेले असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू इतर कोणाचाही स्पर्श न होता पार गेला तर ‘गोल’ होऊन सहा गुण मिळतात, आणि तो बाजूच्या आखूड खांबांच्या आत गेला तर ‘बिहाइंड’ होऊन एकच. पायाने मारलेला चेंडू ठरावीक अंतर काटून आल्यावर जमिनीस लागण्यापूर्वी झेलणे यास ‘मार्क’ म्हणतात व तो घेणाऱ्यास निर्वेध मारा करण्याचा हक्क प्राप्त होतो. हाताने चेंडू फेकण्यास मज्जाव आहे. तो एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने टोलवावा लागतो. प्रस्तुत नोंदीत या खेळाचा समग्र इतिहास दिलेला नसून, त्याच्या नियमांत वेळोवेळी झालेले फेरफार आणि त्यांमुळे खेळण्याच्या रीतीत पडलेला फरक एवढ्याच विषयाचा विचार केला आहे.

या विषयाचे मर्म एका न लिहिलेल्या नियमात आहे. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १० जुलै १८५८ रोजी ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या मेलबर्नच्या वृत्तपत्रात एक पत्र प्रसिद्ध करून, हिवाळ्यात क्रिकेटपटूंची शरीरे सैल पडू नयेत म्हणून फुटबॉलचा एखादा क्लब काढावा, अशी सूचना केली. आणि पुढच्या वर्षी १७ मे रोजी विल्स, विल्यम हॅमर्सली, जे. बी. थॉम्पसन प्रभृती मंडळींनी मेलबर्न क्लबासाठी दहा कलमांचा एक आटोपशीर कायदा लिहून काढला. त्या दहा कलमांत चेंडू फेकण्याची बंदी आहे, लाथेने नडग्या फोडण्याची बंदी आहे, मार्कचा हक्क आहे. परंतु इंग्लंडच्या शाळांतील फुटबॉलात ज्यावर बराच खल होत असे तो ऑफसाइडचा नियम मात्र नाही, आणि तो पुढेही कधी आला नाही. ज्या खेळात खेळाडूने कोठे उभे राहावे यावर कायद्याचा अंमल नाही, त्या खेळात ३६ माणसे मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात लोटावयाची हे सर्वस्वी प्रशिक्षकाच्या मर्जीवर राहते. आणि म्हणून इतर फुटबॉलांत ऑफसाइडची रेषा जे काम निमूटपणे करते, तेच काम येथे नियमकर्त्यांना नाना आडमार्गांनी, आणि पुनःपुन्हा, करावे लागले आहे.

प्रारंभीचे फेरफार साधे व परिणामांत सरळ होते. १८६६ च्या सुधारित संहितेने चेंडू घेऊन धावणाऱ्यास दर पाच-सहा यार्डांवर तो जमिनीवर आपटण्याची सक्ती केली. ही संहिता ज्यांच्या पुढाकाराने तयार झाली ते एच. सी. ए. हॅरिसन स्वतः नामांकित धावपटू होते, म्हणजे हा निर्बंध ज्यांना सर्वाधिक जाचावयाचा त्यांच्याच हातून तो आला, ही गोष्ट त्या पिढीच्या खिलाडूपणाची द्योतक मानता येईल. धावणे त्यामुळे थांबले नाही. ते एक कौशल्य झाले. १८९७ साली आठ क्लबांनी फुटून काढलेल्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने पहिल्याच हंगामात बिहाइंडला एक व गोलाला सहा गुण देण्याचे ठरविले, आणि गर्दीतल्या गर्दीत वीतभर अंतरावर चेंडू सरकवून ‘मार्क’ पदरात पाडून घेण्याची जी चाल पडली होती ती, चेंडूने निदान दहा यार्ड अंतर काटले पाहिजे या अटीने बंद केली. दोनच वर्षांनी संघातील खेळाडूंची संख्या २० वरून १८ वर आली. या तीन गोष्टींनी मिळून, ज्याला आज आपण या खेळाचे स्वाभाविक रूप समजतो तो लांब मारा, उंच उडी आणि मोकळे मैदान यांचा खेळ घडविला.

खरा उद्बोधक प्रयोग १९२५ चा. तोपर्यंत चेंडू सीमारेषेबाहेर गेला की सीमापंच तो डोक्यावरून आत फेकीत असे, आणि ज्या संघाला आघाडी राखावयाची तो संघ सीमारेषेच्या कडेकडेने चेंडू नेऊन वारंवार बाहेर घालवीत असे. खेळ त्यामुळे एका बाजूच्या अरुंद पट्ट्यात कुचंबत असे. १९२५ पासून, ज्याच्या स्पर्शाने चेंडू बाहेर गेला त्याच्या प्रतिपक्षास मुक्त मारा देण्यात येऊ लागला. परिणाम झाला तो असा की सीमारेषा, जी कालपर्यंत आश्रयस्थान होती, ती एकाएकी धोक्याची जागा ठरली. चेंडू मैदानाच्या मध्यातून सरळ गोलाकडे जाऊ लागला, आणि गोलासमोर एकटा उभा राहून झेल घेणारा ‘फुल-फॉरवर्ड’ हा त्या युगाचा नायक बनला. कॉलिंगवुडच्या गॉर्डन कॉव्हेंट्रीने १९२९ च्या हंगामात १२४ गोल केले. लीगमध्ये शंभरी ओलांडणारा तो पहिला खेळाडू. साउथ मेलबर्नच्या बॉब प्रॅटने १९३४ मध्ये १५० गोल केले. या आकड्यांचे सारे श्रेय एका कलमास देणे अन्यायाचे होईल, कारण प्रॅट हा कोणत्याही कायद्याखाली उंच उडणाराच होता. तथापि त्याच्यापर्यंत चेंडू इतक्या वेळा आणि इतक्या सरळ वाटेने पोहोचला याचे कारण कायद्यात शोधावे लागते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस हा नियम रद्द होऊन सीमापंचाची फेक पुन्हा सुरू झाली, मात्र बुद्धिपुरस्सर चेंडू बाहेर घालविणाऱ्यास शिक्षेची तरतूद ठेवण्यात आली.

याच सुमारास प्रतिस्पर्धी व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनने त्याहून धाडसी पाऊल टाकले. १९३८ मध्ये तिने राष्ट्रीय फुटबॉल परिषदेचा कायदा झुगारून, दोन्ही हातांनी खांद्याखालून चेंडू फेकण्याची मुभा दिली. १८५९ च्या मंडळींनी जी गोष्ट स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरविली होती तीच मान्य होताच खेळाची गती वाढली, गोल वाढले, आणि लीगचे नाणावलेले खेळाडूही असोसिएशनकडे ओढले गेले. रॉन टॉडने विल्यम्सटाउनकडून १९४५ च्या एका हंगामात १८८ गोल केले. राष्ट्रीय परिषदेत प्रवेश मिळविण्याची किंमत म्हणून १९४९ नंतर असोसिएशनला हा नियम सोडावा लागला. खेळ रंजक होता, प्रेक्षकांना आवडला होता, तरी तो टिकला नाही, याचे कारण मैदानावर नव्हे तर दफ्तरात सापडते; नियमाचे आयुष्य त्याच्या गुणावर अवलंबून असते अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे प्रकरण अवश्य पाहावे.

१९६९ साली लीगने, पायाने मारलेला चेंडू जमिनीस न लागता थेट सीमेपार गेल्यास प्रतिपक्षास मुक्त मारा देण्याचे ठरविले. १९२५ च्या नियमाचा हा अर्धा अवतार म्हणावा लागेल, आणि त्याचे फळही त्याच जातीचे : हॉथॉर्नच्या पीटर हडसनने १९७० मध्ये १४६ आणि १९७१ मध्ये १५० गोल करून प्रॅटचा ३७ वर्षांपूर्वीचा उच्चांक गाठला. १९७३ मध्ये मैदानाच्या मध्यभागी चौकट आखून आरंभीच्या उसळीच्या वेळी तीत प्रत्येक संघाचे चारच खेळाडू असावेत असे ठरले. ही चौकट प्रथम हिऱ्याच्या आकाराची होती, १९७५ मध्ये चौरस झाली. मधली गर्दी हटल्याने चेंडू जिंकणाऱ्या मध्य-खेळाडूस पुढे मोकळी वाट मिळू लागली. येथे एक इशारा आवश्यक आहे. खेळशैलीतील प्रत्येक पालट नियमातून येतो असे नाही : १९७० च्या अंतिम सामन्यात, १,२१,६९६ प्रेक्षकांच्या देखत, मध्यंतरास ४४ गुणांनी मागे असलेल्या कार्ल्टनला प्रशिक्षक रॉन बरासी यांनी मुठीने चेंडू टोलवीत धावत सुटण्याचा हुकूम दिला आणि संघाने कॉलिंगवुडवर विजय मिळविला, त्या वेळी कायद्याचे एक अक्षरही बदललेले नव्हते.

ज्या नियमाने या खेळाचे स्वरूप मुळापासून पालटले तो मात्र कोणाच्याही मनात तसा हेतू नसताना आला. पूर्वी जायबंदी खेळाडूच्या जागी राखीव खेळाडू आला की बाहेर गेलेला परत येऊ शकत नसे. अशा राखीवांत १९३० मध्ये एकोणिसावा व १९४६ मध्ये विसावा खेळाडू मंजूर झाला होता. १९७८ मध्ये या दोघांची पाहिजे तेव्हा आणि पाहिजे तितक्यांदा अदलाबदल करण्याची मोकळीक देण्यात आली. ही ‘इंटरचेंज’ची सोय होती दुखापतीसाठी, आणि वीस-एक वर्षे ती बहुतांशी त्याच कामी आली. राखीवांची संख्या १९९४ मध्ये तीन व १९९८ मध्ये चार झाली, आणि मग प्रशिक्षकांच्या ध्यानी आले की बाकड्यावर बसलेला माणूस हा जखमींचा वारस नसून दमछाकीवरचा उतारा आहे. दर काही मिनिटांनी विश्रांती मिळणारा खेळाडू मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धावू शकतो. आणि ऑफसाइड नसल्यामुळे असे अठराही खेळाडू चेंडूमागे धाडता येतात. २००० साली एसेंडनचा संघ संपूर्ण हंगामात एकच सामना हरला, तो वेस्टर्न बुलडॉग्जचे प्रशिक्षक टेरी वॉलेस यांनी बचावक्षेत्र माणसांनी भरून टाकल्यामुळे. लोकांनी या डावपेचास ‘फ्लड’, म्हणजे पूर, असे नाव दिले. दशकाच्या अखेरीस हाच जमाव उलट दिशेने, प्रतिपक्षाच्या क्षेत्रात नेऊन त्यांना बाहेर पडू न देण्याची युक्ती रूढ झाली, आणि मिक मॉलथाउस यांच्या कॉलिंगवुडने २०१० चे विजेतेपद, बरोबरीत सुटलेला अंतिम सामना पुन्हा खेळून, याच बळावर मिळविले. तोपर्यंत एका सामन्यात एका संघाच्या अदलाबदली शंभराच्या वर गेल्या होत्या.

लीगचे नामांतर होऊन १९९० मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झाले होते. तिने या गर्दीवर जे उपाय योजिले त्यांची मालिका वाचताना, आधी मोकळ्या सोडलेल्या घोड्याला मागून धावत जाऊन लगाम घालण्याचा प्रयत्न करणाऱ्या मोतद्दाराची आठवण होते. २०११ मध्ये चौघा राखीवांपैकी एकास एकदाच उतरता येणारा ‘सबस्टिट्यूट’ ठरविले. २०१४ मध्ये अदलाबदलींवर १२० ची मर्यादा घातली, २०१६ मध्ये ती ९० केली व सबस्टिट्यूट काढून टाकला, २०२१ मध्ये ती ७५ वर आणली आणि वैद्यकीय कारणासाठी सबस्टिट्यूट परत आणला. खेळाडू थकले की गर्दी विरळ होईल आणि गोल वाढतील, हा हिशेब होता. खेळाडू थकले, पण थकलेल्या माणसाला पुढे धावण्यापेक्षा मागे राहून जागा अडविणे सोपे जाते, ही गोष्ट हिशेबातून निसटली.

प्रशिक्षक कायद्याच्या फटी किती तत्परतेने हेरतात याचे सर्वांत बोलके उदाहरण बिहाइंडचे आहे. बचाव करणाऱ्याने दडपणाखाली चेंडू स्वतःच्याच गोलरेषेपार ढकलला तर प्रतिपक्षास एकच गुण मिळतो आणि चेंडू मात्र आपल्याच ताब्यात राहतो, म्हणजे सहा गुणांचे संकट एका गुणाच्या मोबदल्यात टाळता येते. २००६ मध्ये, गोलपंचाने निशाण हलवून संपविण्याची वाट न पाहता चेंडू खेळात आणण्यास परवानगी मिळाली आणि हा सौदा आणखीच किफायतशीर झाला. २००८ च्या हंगामात रिचमंडच्या जोएल बाउडनने एसेंडनविरुद्ध घड्याळ संपविण्यासाठी हेतुतः असे दोन गुण दिले. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात अ‍ॅलिस्टर क्लार्कसन यांच्या हॉथॉर्नने असे ११ बिहाइंड दिले. प्रतिस्पर्धी जीलाँगच्या खाती ११ गोल व २३ बिहाइंड मिळून ८९ गुण जमले. हॉथॉर्नने १८ गोल व ७ बिहाइंड करून ११५ गुण मिळविले व सामना जिंकला. पुढच्याच हंगामात बुद्धिपुरस्सर दिलेल्या बिहाइंडबद्दल गोलासमोर मुक्त मारा देण्याची शिक्षा लागू झाली आणि ही चाल बहुतांशी बंद पडली.

देहरक्षणासाठी आणलेल्या नियमांचेही शैलीवर परिणाम झाले आहेत, जरी ते उद्दिष्ट नव्हते. मध्यवर्तुळात चेंडूसाठी उडी घेणाऱ्या ‘रक’ खेळाडूंचे गुडघे एकमेकांवर आदळून अस्थिबंध तुटत असत. म्हणून २००५ मध्ये दहा मीटर व्यासाचे बाह्यवर्तुळ आखून त्यांची धाव तोडण्यात आली, आणि धावत येऊन झेपावणाऱ्यांपेक्षा उंच, वजनदार माणसांचे महत्त्व वाढले. २०१७ मध्ये त्या झुंजीत तिसऱ्याने उडी घेण्यास बंदी झाल्यावर तर खऱ्या उंच रक-खेळाडूंना पुन्हा बरे दिवस आले.

२०१९ मध्ये लीगने अखेर ऑफसाइडच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद केली : प्रत्येक मध्य-उसळीच्या वेळी संघाचे सहा खेळाडू पुढे, सहा मध्ये व सहा मागे असलेच पाहिजेत. परंतु खेळ सुरू झाल्यावर हे बंधन संपते, आणि काही क्षणांतच माणसे पुन्हा जमतात. त्या वर्षी गुणांची सरासरी वाढली नाही, उलट किंचित घसरली. २०२१ मध्ये मार्कच्या जागी उभ्या असलेल्या प्रतिपक्षीयाने जागचे हलू नये असा ‘स्टँड’ नियम आला, व त्याच्या भंगास ५० मीटरची शिक्षा ठेवली. याने मात्र काम केले, कारण तो माणसांना वाटून देत नाही, चेंडू मारणाऱ्यास आतली तिरपी वाट उघडून देतो. या दीडशेहून अधिक वर्षांच्या खटाटोपाकडे पाहता, चेंडूने कोठून जावे हे सांगणारे नियम फळले आणि माणसांनी कोठे, किती वेळ असावे हे सांगणारे नियम प्रशिक्षकांनी पचविले, असाच निवाडा द्यावा लागतो.

सीमारेषेचा प्रश्न त्यामुळेच पुनःपुन्हा वर येत राहिला. साउथ ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगने २०१६ पासून, शेवटी ज्याने चेंडू मारला वा टोलविला त्याच्या प्रतिपक्षास मुक्त मारा देण्याची रीत स्वीकारली आणि महिलांच्या राष्ट्रीय लीगनेही तिचे अनुकरण केले. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने २०२६ च्या हंगामापासून ही रीत पुरुषांच्या सामन्यांसही लागू करण्याचे ठरविले असून, मैदानाच्या दोन्ही टोकांकडील ५० मीटरच्या कमानींच्या आत मात्र सीमापंचाची फेक कायम ठेवली आहे.