बंदुकीपासून वाचला, उसात हरवला

बीड जिल्ह्यातल्या केजचा परिसर बालाघाटच्या पठारावरचा. पाऊस बेताचा, जमीन बरड, खाली मुरूम. अशा दख्खनी माळांवर कुसळी-पवन्याच्या गवतात माळढोक, तणमोर, काळवीट, लांडगा आणि एके काळी चित्ताही नांदायचा.

शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या काळात एकट्या एका इंग्रज शिकाऱ्याने ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आकडा वाचून अंगावर काटा येतो. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. तरीही पक्षी तगला, कारण माळ अफाट होता. चित्ता तगला नाही. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. चित्ते पकडून शिकारीसाठी तयार करणाऱ्या पारध्यांच्या कपाळावरचा जन्मजात गुन्हेगारीचा कायदेशीर शिक्काही त्याच वर्षी पुसला गेला.

निजामी अमलापासून गावोगावची गायराने जनावरांच्या चराईसाठी राखलेली. पुढे मराठवाड्यातल्या भूमिहीनांनी, त्यातही दलित कुटुंबांनी, ती पोटासाठी कसायला घेतली. १९९१च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९०पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. माळ मोडल्याचे खापर या लोकांवर फोडणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही.

खरा पालट पाण्याने केला. केज तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवर धरण झाले, कालवे आले, मागोमाग ऊस आला. २०१६मध्ये हेच धरण कोरडे पडले आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. ऊस मात्र हटला नाही.

माळढोकासाठी १९७९मध्ये नान्नजचे अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे, शेते सगळेच आले. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांना पक्षीच वैरी वाटू लागला. २०१२मध्ये हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान वनखात्याने गवताळ पट्ट्यांत ग्लिरिसिडिया लावला. ज्या पक्ष्याला लांबवरचे दिसल्याशिवाय निर्धास्त चरता येत नाही, त्याच्यापुढे झाडांची भिंत उभी राहिली. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास, बहुतेक जैसलमेरकडे. महाराष्ट्रात एखादा दिसला तरी बातमी होते.

केजच्या आसपास गायरानाचे तुकडे अजून आहेत. तिथे वृक्षलागवडीचा किंवा पवनचक्कीचा ठराव आला, तर ग्रामसभेने आधी एक पावसाळा ते गवत वाढू द्यावे, त्यात काय काय राहते ते मेंढपाळांना विचारावे, आणि मगच हात वर करावा.