तानसाकाठचे तहानलेले पाडे

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी आगगाडी पाहिली, की आम्हांस शहापूर तालुक्याचा इतिहास आठवतो. हा लोहमार्ग १८६१ साली कसाऱ्यास पोहोचला. १८९२ साली तानसाचे धरण पुरे झाले आणि येथल्या डोंगरातले पाणी मुंबईस जाऊ लागले; पुढे भातसाही झाले. तरी याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर आजही वैशाखात विहिरी आटतात आणि बाया टँकरची वाट पाहतात.

येथील कातकरी खैराचा कात काढीत. त्यावरूनच त्यांचे नाव पडले. १८७८ च्या वन कायद्याखाली राने राखीव होत गेली आणि तो धंदा बुडाला. आता दिवाळी सरली, की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. त्या विटांनी आपल्या शहरांतील घरे उभी राहतात.

तेव्हा या लोकांस मागासलेले म्हणण्यापूर्वी आपण हा हिशेब पाहावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत्या वनजमिनीवरील त्यांचा हक्क मान्य केला आहे. त्याच्या जोडीस पाण्याचा रास्त वाटा मिळाला, तर दुसरे पीक निघेल, स्थलांतर थांबेल आणि पोरे गावातच शिकतील. हे आपल्या पदरचे दान नव्हे. शंभर वर्षांची थकबाकी आहे.