कसम परेडच्या अलीकडं

साताऱ्याजवळच्या आपशिंग्याला ‘आपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. त्या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत इंग्रज सरकारनं बसवलेली पाटी दिसते: गावातून इतके गेले, इतके पडले. भरती होऊन पलटणीपर्यंत न पोचताच परतलेल्यांचा हिशेब तिच्यावर नसतो. आमच्या गावापुरता तो आजीकडं होता.

दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा आजीचे एक दीर बेळगावला गेले. मराठा पलटणीचं केंद्र १९२२ पासून तिथंच. प्रशिक्षणाअखेरची कसम परेड तोंडावर आली असताना त्यांचा कान वाहायला लागला आणि डॉक्टरांच्या बोर्डानं घरी धाडलं. दिवसाउजेडी गावात शिरायची लाज, म्हणून ओढ्याकाठी बसून राहिले आणि दिवेलागणीनंतर आले. डोक्यावर काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव नि नंबर. पणजीनं घरात सगळ्यांना बजावलं, “त्याला कायबी इचारायचं न्हाई. जेवलास का, येवढंच इचारा.”

मग शेजारच्या सासुरवाशिणी नवऱ्याची पत्रं घेऊन यायला लागल्या. सेन्सॉरमुळं पत्रात मुलखाचं नाव नसायचं, फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता नंबर. बाकी गावाला अक्षर लागायचं, पण लान्सनाईक म्हणजे कोण, रजा कुणाच्या सहीनं मिळते, मनीऑर्डर का अडकली, हे दिरांनाच ठाऊक. १९४१ साली मराठे एरिट्रियात केरेनच्या डोंगरात लढले, ते गावाला कळलं त्यांच्याच ओसरीवर. असं आजी सांगायची. दिरांची गोष्ट आली की तिचा हात जरा सैल सुटायचा.

माझा मुलगा अग्निवीर म्हणून गेला आणि नडगीच्या हाडाला चीर पडून परतला. स्ट्रेस फ्रॅक्चर. रोजची दौड, पाठीवर ओझं. हाडाला भरून यायला सवड मिळत नाही. रिक्रूटांचं हे नेहमीचं दुखणं. एकदा बॅच मागं गेली, पुन्हा तेच झालं, मग बोर्ड. गावात कुजबुज ठरलेली: पळून आला असंल.

अशा वेळी आईबाप पोराची समजूत काढत बसतात आणि कागद ट्रंकेत पडून राहतात. मी आधी कागद काढले. बोर्डाच्या अहवालात एक ओळ असते: दुखणं सेवेमुळं, की आधीपासूनचं? अग्निवीराला कायमचं अपंगत्व आलं, तर ५०, ७५ आणि १०० टक्क्यांना अनुक्रमे १५, २५ आणि ४४ लाख मिळतात, पण ते सेवेमुळं आलं असेल तरच. धरमवीर सिंग या शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत जडला असं धरून चालावं. अग्निवीरांचे नियम निराळे, तरी ती ओळ वाचल्याशिवाय कुठं सही करू नये.

नातेवाईक म्हणतात, भरतीची अकॅडमी काढ. तो म्हणतो, “आई, मला धावणं बघायचंसुद्धा नाही.” ठीक आहे. पणजीनं तरी दिरांना पत्रं वाचायला कुठं बसवलं होतं? बायका आपणहून आल्या. सध्या तो पहाटे चारला उठतो, गोठ्यात जातो, दुपारी झोपतो. ‘पुढं काय’ हा प्रश्न आमच्या उंबऱ्याच्या आत बंद आहे. त्याचे एक मामा ऐकत नाहीत. त्यांना चहा मिळत नाही.