उन्हाचे शिल्पकार आणि मराठवाड्यातील एक अपुरी वेधशाळा

शिल्पकलेचा विषय निघाला की दगड, धातू, माती यांची नावे घेतली जातात. उन्हाचे नाव कोणी घेत नाही. वास्तविक उघड्यावर उभ्या असलेल्या शिल्पाचे निम्मे काम ऊनच करीत असते. देगलूर तालुक्यातील होट्टल येथे चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर आहे. त्याच्या बाहेरील भिंतीवरच्या सुरसुंदरी भर दुपारी पाहाव्यात आणि ऊन तिरपे झाल्यावर पुन्हा पाहाव्यात. दुपारी सपाट वाटणारी कोरणी तिरप्या उन्हात एकदम उठून दिसते. छिन्नी किती खोल घालायची हे ठरविणाऱ्या कारागिराच्या हिशेबात सूर्य नक्कीच होता.

परंतु काही शिल्पकार याच्याही पुढे गेले. त्यांनी उन्हाला नुसते शिल्पावर पडू दिले नाही, त्याला कामाला लावले. अमेरिकेतील युटा राज्याच्या वाळवंटात नॅन्सी होल्ट या शिल्पकर्तीने १९७३ ते १९७६ या काळात काँक्रीटचे चार प्रचंड नळ उभारले. प्रत्येक नळ सुमारे १८ फूट लांब, आणि माणूस सहज आत उभा राहील इतका रुंद. वर्षातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवशी सूर्य ज्या ठिकाणी उगवतो व मावळतो, नेमक्या त्या दिशांना त्यांची तोंडे आहेत. नळांना भोके पाडली आहेत ती तारकासमूहांच्या आकृतींप्रमाणे, त्यामुळे भर दिवसा नळाच्या आतल्या अंधारात उन्हाचे तारे पडतात. इसामु नोगुची हा दुसरा नामवंत शिल्पकार १९४९च्या सुमारास भारतात आला, तेव्हा त्याने दिल्ली व जयपूरच्या जंतरमंतरची छायाचित्रे मोठ्या आवडीने घेतली. ज्यांना आपण यंत्रे म्हणतो त्यांत त्याला शिल्प दिसले. मला वाटते, त्याचे बरोबर होते.

जंतरमंतर बांधणारे सवाई जयसिंह लहान वयातच दख्खनमध्ये आले होते. १७०२ साली खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, याच्या वेढ्यात ते औरंगजेबाच्या फौजेत होते, आणि तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा-चौदा वर्षांचे होते. पुढे त्यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. पितळेची यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात आणि मोजमाप हलते, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी दगड आणि चुना हाती घेतला. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. दिसायला ती एक त्रिकोणी भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कमानी. पण त्या कमानीवर भिंतीची सावली दर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. डोळ्यांनी वेळ चालताना पाहायची असेल तर याहून चांगली जागा नाही. सूर्य हा बिंदू नसून तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कडा धूसर येते आणि शिल्प जितके मोठे तितकी ती अधिक धूसर होते. मोठेपणाचीही किंमत असते ती अशी.

जयसिंहांजवळ एकटा राजाचा उत्साह नव्हता. नसिरुद्दीन तुसी यांनी तेराव्या शतकात अरबीत नीट लावलेला टॉलेमीचा ग्रंथ त्यांच्या पदरच्या पंडित जगन्नाथ सम्राट यांनी संस्कृतात आणला. हे जगन्नाथपंत महाराष्ट्रीय होते असे सांगतात. या कामासाठी ते अरबी शिकले. समरकंदच्या उलुगबेगची कोष्टकेही जयसिंहांपुढे होती, आणि त्यांनी आपल्या फारसी कोष्टकांना दिल्लीच्या बादशहाचे, महंमदशहाचे, नाव दिले. इराणात मांडलेली आकडेमोड संस्कृतात वाचून राजस्थानच्या गवंड्याने भिंत बांधली. एवढे लोक एका कामात गुंतले होते म्हणून जयसिंहांच्या पश्चातही ते काम ओळखू येईल इतके शिल्लक राहिले. उज्जैनची यंत्रे मोडकळीस आली होती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली त्यांचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तेथील काम पाहिले.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. जयसिंहांच्या तीनशे वर्षे आधी येथे असाच प्रयत्न झाला होता, आणि तो आपल्या मुलांना शिकविला जात नाही याचे नवल वाटते. गुलबर्ग्याच्या गादीवर १३९७ ते १४२२ या काळात फिरोजशाह बहमनी होता. कंधार, औसा, उदगीर हा सारा मुलूख त्याच्या राज्यातला. इतिहासकार फरिश्ता लिहितो की हा सुलतान आठवड्यातील ठराविक दिवशी स्वतः भूमिती आणि तर्कशास्त्र यांसारखे विषय शिकवायला बसत असे, आणि राज्यकारभारामुळे दिवसा सवड झाली नाही तर रात्री बसे. त्याने हिजरी ८१०, म्हणजे इ.स. १४०७ मध्ये, दौलताबादजवळच्या घाटावर रसदगाह, म्हणजे वेधशाळा, उभारण्याचा हुकूम दिला. काम हकीम हसन गिलानी आणि सय्यद महंमद काजरुनी या दोघांकडे सोपविले. एकाच्या नावात कास्पियन समुद्राकाठचे गिलान आहे, दुसऱ्याच्या नावात इराणातील काजरुन.

हा काळ ध्यानात घ्यावा. समरकंदची प्रख्यात वेधशाळा अजून उभी राहायची होती. दमास्कसच्या उमय्यद मशिदीचा मुवक्कित, म्हणजे नमाजाच्या वेळा काढणारा अधिकारी, इब्न अल-शातिर याने १३७१ साली संगमरवरी धूपघडी बसविली होती, तिला जेमतेम छत्तीस वर्षे झाली होती. त्या धूपघडीचा काटा पृथ्वीच्या आसाशी समांतर होता, आणि याच तत्त्वावर पुढे जयपूरची भिंत उभी राहिली. विद्या ताजी होती, राजा स्वतः शिकविणारा होता, डोंगर होता, दगड होता, गवंडी होते. पण हकीम गिलानी वारले आणि काम थांबले. फरिश्ता मृत्यूबरोबर इतरही अडचणी होत्या असे सांगतो. पण पहिले कारण तेच. एका माणसाबरोबर एक वेधशाळा गेली. त्याच्या हाताखाली तयार झालेले चार विद्यार्थी असते तर दौलताबादला किल्ला पाहायला जाणाऱ्या आपल्या सहलींना आणखी एक ठिकाण मिळाले असते.

विद्यार्थी विचारतील, जयपूरचे यंत्र जसेच्या तसे नांदेडला बांधता येईल काय? येणार नाही. ही शिल्पे गावाशी बांधलेली असतात. भिंतीचा उतार त्या गावाच्या अक्षांशाइतका हवा, म्हणजे ती ध्रुवताऱ्याकडे रोखली जाते. जयपूरला तो सुमारे २७ अंश, नांदेडला १९ अंशांहून किंचित जास्त, लातूरला साडेअठराच्या जरा खाली. जयपूरची नक्कल येथे बरोबर बारा वाजता खरे बोलेल आणि सकाळ-संध्याकाळ खोटे. शिवाय पाया पक्का हवा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो त्यांना हे सांगायला नको. भिंत अंशभर कलली तरी तिची वेळ गेली.

घड्याळाशीही तिचे जमणार नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे. नांदेड आणि लातूर त्याच्या पश्चिमेस. म्हणून नांदेडची मध्यान्ह सरासरीने घड्याळात १२ वाजून २१ मिनिटांनी होते, लातूरची २४ मिनिटांनी. त्यातही पृथ्वीची सूर्याभोवतीची गती वर्षभर सारखी नसते आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे नांदेडला फेब्रुवारीच्या मध्यास ती १२.३५ पर्यंत लांबते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२.०५ लाच येते. आपल्या नमाजाच्या वेळापत्रकात जोहरची वेळ वर्षभर पुढेमागे सरकत असते, ती याच कारणाने.

आणि एक गोष्ट जयपूरलाही नाही, दिल्लीलाही नाही. ती गावे कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे सूर्य कधीच नेमका डोक्यावर येत नाही. आपल्याकडे तो वर्षातून दोनदा येतो. लातूरला १३ मेच्या सुमारास आणि नांदेडला त्यानंतर दोन-तीन दिवसांनी उभ्या काठीची सावली मध्यान्ही नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस पुन्हा तसेच होते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. असरची वेळ काढताना वस्तूच्या एकपट किंवा दुप्पट सावलीत मध्यान्हीची मूळ सावली, साया-ए-असली, मिळवावी लागते हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. या दिवशी ती मूळ सावली शून्य असते. शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंबा लावून रोवावी. सावली बरोबर दोन मीटर झाली की हनफी हिशेबाने असर सुरू झाली, आणि त्यासाठी कोणताही आकडा मिळवावा लागत नाही. मे महिन्यात शाळेला सुटी असते, त्यामुळे हा प्रयोग पालकांनाच मुलांबरोबर करावा लागेल.