भाड्याच्या चित्रफितीचा उदयास्त : अमेरिकेतील एका व्यवसायाचा विचार

अमेरिकेतील व्हिडिओ-कॅसेटच्या दुकानांचा ऱ्हास आंतरजालावरील चित्रपट-प्रसारणामुळे झाला, असे विधान सर्रास केले जाते. ते अगदीच निराधार नव्हे. परंतु कालानुक्रम पाहता ते अपुरे ठरते.

१९७७ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे ५० चित्रपट कॅसेटच्या रूपाने विक्रीस आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लॉस एंजेलिस येथे जॉर्ज ॲटकिन्सन यांनी कॅसेटी भाड्याने देणारे दुकान थाटले. निर्मात्यांस हे रुचले नाही. तथापि अमेरिकन स्वामित्वहक्क-कायद्यातील 'प्रथम विक्री'चे तत्त्व दुकानदाराच्या बाजूचे होते. एकदा विकलेली प्रत घेणाऱ्याने पुन्हा विकावी, भाड्याने द्यावी वा फडताळात ठेवावी. तीत निर्मात्यास हरकत घेता येत नाही. १९८४ साली ध्वनिमुद्रिका भाड्याने देण्यावर काँग्रेसने निर्बंध घातला; चित्रपटांच्या बाबतीत निर्मात्यांचा तसाच प्रयत्न मात्र फसला. त्या अपयशाच्या पायावरच पुढचा सारा व्यापार उभा राहिला. (मराठीत अशा दुकानास 'व्हिडिओ लायब्ररी' म्हणत. इंग्रजीतील 'स्टोअर'पेक्षा ही संज्ञा व्यवहाराचे मर्म अधिक अचूक सांगते.)

१९८५ साली डॅलस येथे निघालेल्या ब्लॉकबस्टरची दुकाने २००४ च्या सुमारास ९,००० च्या वर गेली. परंतु कॅसेट उशिरा परत करणाऱ्याकडून घेतला जाणारा दंड हा तिच्या प्राप्तीचा मोठा आधार होता. ग्राहकाचा रोष हेच जेथे उत्पन्न, तेथे स्पर्धकाचे काम सोपे होते. नेटफ्लिक्सने १९९८ पासून हलक्या डीव्हीडी डाकेने पाठविल्या आणि १९९९ मध्ये दंडाऐवजी मासिक वर्गणी ठरविली. २००४ मध्ये व्हायाकॉमपासून विभक्त होताना ब्लॉकबस्टरने सुमारे ९० कोटी डॉलरांचा विशेष लाभांश वाटला व त्यापायी कर्ज डोक्यावर घेतले. २००५ मध्ये तिने विलंबदंड उठविल्याची घोषणा केली, तीही प्राप्ती घटवूनच. नेटफ्लिक्सचे आंतरजालीय प्रसारण सुरू झाले ते २००७ मध्ये; २०१० च्या सप्टेंबरात ब्लॉकबस्टर दिवाळखोरीत गेली. तेव्हा प्रसारण अद्याप बाल्यावस्थेतच होते. दुकानांस खिळखिळे केले ते डाक, विक्रीयंत्रे आणि कर्ज यांनी.

प्रसारणाने खरा पालट घडविला तो निराळाच. डाकेने डीव्हीडी धाडणारी संस्था आणि कोपऱ्यावरचा दुकानदार हे दोघेही 'प्रथम विक्री'च्याच आश्रयाने जगत होते. त्यांना कोणाची अनुमती लागत नसे. प्रसारणात प्रत विकलीच जात नाही, त्यामुळे ते तत्त्व तेथे लागू पडत नाही. प्रत्येक चित्रपटासाठी परवाना हवा, आणि त्याची मुदत संपताच तो चित्रपट यादीतून नाहीसा होतो. १९८४ मध्ये निर्मात्यांना कायद्याने जे मिळाले नाही, ते यंत्रविद्येने आपसूक पदरात पडले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

नेटफ्लिक्सने आपली डाक-सेवा २०२३ मध्ये बंद केली. ऑरेगन राज्यातील बेंड येथे ब्लॉकबस्टरच्या नावाचे एक दुकान २०१९ पासून एकटेच उरले असून तेथील फडताळावरच्या प्रती अजूनही कोणाच्या परवान्यावाचून भाड्याने दिल्या जातात.