मुंबई ते लंडन: हवाई मार्गाची वाटचाल

मुंबई आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यातले सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ते कापायला लागणारा वेळ मात्र विमानाचा पल्ला, वाटेतले थांबे, वारे आणि खालच्या देशांची परवानगी यांवर ठरत आला आहे.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावरही आगबोटीने विलायतेला पोहोचायला दोन-तीन आठवडे लागत. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत हवाई सेवा सुरू केली. हा प्रवास सात दिवसांचा होता आणि सगळाच हवेतून नव्हता. बाझलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत आगगाडी, पुढे भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणारे विमान आणि अलेक्झांड्रियानंतर पुन्हा जमिनीवरचे विमान, अशी अदलाबदल करावी लागे.

कराचीला आलेली टपाल पुढे मुंबईला हवाई मार्गाने आणण्याची सोय टाटांनी केली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे पुस मॉथ विमान घेऊन सकाळी कराचीहून निघाले आणि दुपारी जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, त्यामुळे तेवढे महिने विमाने पुण्याला येरवड्याच्या मैदानावरून ये-जा करत.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. पिस्टन इंजिनांच्या या विमानाला एका दमात एवढा पल्ला गाठता येत नसल्याने कैरो आणि जिनिव्हा येथे थांबे होते. १९६० मध्ये ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाचे बोइंग ७०७ आणि १९७१ मध्ये जम्बो जेट कंपनीच्या ताफ्यात आले. पुढे विमानांचा पल्ला वाढत गेला, तसे थांबे गळाले.

आज थेट विमानाला लंडनकडे जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात. परतताना वेळ कमी लागतो, कारण उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ साडेपाच तास मागे असल्याने मुंबईहून दुपारी दोनला सुटून दहा तास उडालेले विमान तिथल्या संध्याकाळी साडेसहाला उतरते. उन्हाळ्यात हा फरक साडेचार तासांचा होतो.

नकाशावरची जवळची वाट नेहमी मोकळी असतेच असे नाही. २०१९ मध्ये काही महिने, आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांसाठी, पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद ठेवली. अशा वेळी विमाने अरबी समुद्रावरून वळसा घेतात. हा वळसा दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना अधिक पडतो, तर मुंबई किनाऱ्यावरच असल्याने तिथल्या विमानांना तुलनेने कमी.